काटकसर कोणाच्या ताटातून?

(कुटुंबांनी एकत्र बसून वाचावयाचा धडा)

आमच्या खेड्यापाड्यांतील बहुतेक कुटुंबांस वर्षाचे काही महिने तरी पैशाची ओढाताण सोसावी लागते. पावसाने दगा दिला, मजुरीचे दिवस कमी भरले, घरात दुखणे आले किंवा शाळा उघडण्याचा महिना आला, म्हणजे घरधनी म्हणतो, “आता जरा हात आखडला पाहिजे.” हे म्हणणे शहाणपणाचेच आहे. परंतु हात आखडला म्हणजे नेमके काय आखडले, आणि ते कोणाच्या वाट्यातून आखडले, असा प्रश्न आपणांपैकी किती जण करितात? प्रस्तुत धड्यात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त झाला असेल, तर तो आमच्या एका चुकीमुळेच होय. काही वर्षांपूर्वी आमचे मानधन सलग तीन महिने वेळेवर मिळाले नाही. घरात आम्ही उभयता, दोन मुले व आमच्या मातोश्री अशी पाच माणसे. खर्च जपून करावा, एवढेच आम्ही मुलांच्या आईस सांगितले व आपल्या कामास लागलो. तीन महिने घर सुरळीत चालले. आमच्या ताटात आमटी होती, मुलांस दूध होते, कोणाचे देणेही झाले नाही. आम्हांस याचा अभिमान वाटला, आणि शेजारच्या गावी कुटुंबांच्या सभेत आपल्याच घराचा दाखला देऊन आम्ही काटकसरीवर भाषणही केले. त्या रात्री जेवावयास बसलो असता आमची आठ वर्षांची मुलगी सहज म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगितलंत, आमच्या घरी कुणाला काही कमी पडलं नाही. पण आई तर आमटी घेतच नाही. ती भाकरी पाण्यात बुडवून खाते.”

तिच्या आईने तिला गप्प केले. आम्ही मात्र हातातला घास खाली ठेविला. ज्या काटकसरीचे आम्ही भाषण केले होते, ती आम्ही केलीच नव्हती. घरातील एका माणसाने ती कोणास न सांगता आपल्या पोटावर केली होती. आमचा टपरीवरचा चहा, आमचे वर्तमानपत्र, आमच्या मोटारसायकलीचे पेट्रोल, यांतून त्या तीन महिन्यांत एक रुपयाही कमी झाला नव्हता. हे आम्हांस कोणी विचारले नव्हते, व आम्हीही स्वतःस विचारिले नव्हते.

१. काटकसर कशास म्हणावे?

काटकसर, कृपणता व उपासमार ही तीन निरनिराळी आहेत. पण दुरून पाहणाऱ्यास ती एकसारखीच दिसतात. तिन्हींत पैसा कमी खर्च होतो. कृपण मनुष्य पैसा असूनही गरजेच्या ठिकाणी तो सोडीत नाही. उपासमारीत पैसा वाचल्याचा केवळ भास होतो. वस्तुतः तो शरीरातून काढला जातो, व पुढे दवाखान्यात व्याजासह भरावा लागतो. काटकसर म्हणजे अनावश्यक ते सोडून आवश्यक ते राखणे. म्हणून काटकसर खरी की खोटी हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. ती करिताना घरातील सर्वांत अशक्त माणसाचा वाटा शाबूत राहिला काय? राहिला असेल तर ती खरी काटकसर. नसेल तर ती दुसऱ्याच्या अंगावरचे पांघरूण ओढून स्वतः ऊब घेण्यासारखी गोष्ट आहे.

ही गोष्ट आमच्याच घरापुरती असती तर आम्ही ती वाचकांपुढे मांडिली नसती. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळून आले की, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आहे. म्हणजे आपण बोलताना म्हणतो त्याप्रमाणे त्यांच्या अंगात रक्त कमी आहे. याची कारणे अनेक आहेत. परंतु जी सर्वांच्या मागून जेविते व भांड्याच्या तळाशी उरेल ते खाते, तिच्या वाट्यास डाळ व भाजी कमी येणार हे समजावयास पाहणीचीही गरज नाही. अशी स्त्री दुपारी खुरपणीस बसली म्हणजे तिला घेरी येते. तो दिवस बुडतो, मजुरी जाते, वर औषधाचे पैसे जातात. मग डाळीचे किती वाचले?

२. आधी मोजा, मग तोडा

ओढाताणीच्या दिवसांत पहिले पाऊल खर्च तोडण्याचे नसून खर्च मोजण्याचे असावे. ज्यास बुरूज बांधावयाचा आहे तो आधी बसून खर्चाचा हिशेब करितो, हा दाखला लूकाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे, व तो आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. पण घर चालविणे हे बुरूज बांधण्याहून मोठे काम असूनही आपण ते अंदाजानेच करितो.

यास फार विद्या लागत नाही. शाळेची एक जुनी वही घ्यावी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. रात्री जेवण झाल्यावर, दिवे मालविण्यापूर्वी, त्या दिवशी आलेला व गेलेला पैसा सर्वांनी सांगावा, व घरात जे मूल शाळेत जाते त्याने तो लिहावा. बापाने आपला खर्च लपवू नये, आईनेही लपवू नये. असे एकच महिना करून पाहावे.

उदाहरणादाखल एका कुटुंबाचा महिना मांडून पाहू. पतीची मजुरी ४०० रुपयांप्रमाणे १८ दिवस, म्हणजे ७,२०० रुपये. पत्नीची २५० रुपयांप्रमाणे १४ दिवस, म्हणजे ३,५०० रुपये. अंड्यांचे ३०० रुपये. एकूण जमा ११,००० रुपये. आता खर्च. धान्य, डाळ, तेल, भाजीपाला व दूध ४,२००. गॅस व वीज ९००. कर्जाचा हप्ता २,४००. मुलांच्या वह्या व एस. टी. चे भाडे ७००, औषधपाणी ५००, तंबाखू व टपरीवरचा चहा रोज ४५ रुपयांप्रमाणे १,३५०, दोन फोनचा भरणा ५००, आहेर व पाहुणचार ६५०. हे झाले ११,२००. आणि “कशात गेले ते आठवत नाही” असे ८०० रुपये. एकूण खर्च १२,००० रुपये. दरमहा १,००० रुपयांची तूट, आणि ती वाण्याच्या उधारीने भरलेली.

हे आकडे प्रत्येक घरी निराळे असतील, परंतु रीत तीच. आता हे हजार रुपये कोठून काढावे? सवयीने हात जातो तो पहिल्या रकमेकडे, कारण ती सर्वांत मोठी आहे. दूध बंद होते, डाळ पातळ होते. वहीत पाहिले म्हणजे मात्र दुसरी वाट दिसते. तंबाखू व चहा निम्म्यावर आणिला तर ६७५ रुपये वाचतात. न आठवणारे ८०० रुपये लिहिण्याच्या सवयीने निम्मे आटोक्यात आले तर आणखी ४०० वाचतात. एकूण १,०७५. तूट भरली, आणि कोणाच्या ताटास हात लागला नाही. ज्यास तंबाखू सोडणे कठीण वाटते त्यास आम्ही हसत नाही. सवय मोडणे कठीणच असते. पण मुलांच्या आईचे पोट मोडणे तिला सोपे जात असेल असे मात्र त्याने समजू नये.

३. लहान उधारी व मोठे ऋण

कर्जाविषयी बोलताना आपण बहुधा लग्नाच्या खर्चास दोष देतो. तो दोष खोटा नाही. ऐपतीबाहेरचा मंडप, वाजंत्री व जेवणावळी यांनी कित्येक घरे बसली आहेत. मंडळीतील वडिलांनी सर्वांस परवडेल अशी मर्यादा ठरवून दिली, व मोठी भांडी आणि सतरंज्या मंडळीच्या मालकीच्या करून ठेविल्या, तर गरीब बापाची पुष्कळ लाज व पुष्कळ भाडे वाचेल. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, व कर्जरोखे जाळून टाकिले. ही चळवळ पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गावी पसरली. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमिला, व पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या आयोगाच्या अहवालातील एक निष्कर्ष आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रयत लग्नकार्यातील उधळपट्टीने बुडते हा समज प्रमाणाबाहेर आहे. अन्नधान्य, बियाणे, बैल व सरकारी सारा यांसाठी पुनःपुन्हा घ्यावी लागणारी लहान लहान कर्जेच त्यांचा बोजा अधिक वाढवितात, असे त्या आयोगास दिसून आले. त्यास दीडशे वर्षे झाली. तरी वाण्याच्या खातेवहीत आज आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहिले तर हाच अनुभव येतो. लग्न एकदा येते; उधारी दर आठवड्यास येते.

व्याजाचे गणित मुलांबरोबर बसून करावे. शेकडा पाच हा दर ऐकावयास लहान वाटतो, परंतु तो दरमहाचा असतो. दहा हजारांवर महिन्यास ५०० रुपये, वर्षास ६,००० रुपये. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरून होते, आणि मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर राहते. तेच दहा हजार बचत गटातून शेकडा दोन दराने मिळाले तर व्याज वर्षास २,४०० रुपये होते. ३,६०० रुपयांचा फरक. म्हणजे दिवसाला सुमारे दहा रुपये, निव्वळ ठिकाण बदलल्याने. बचत गटांस बँकांशी जोडण्याचे काम १९९२ पासून नाबार्डने चालविले आहे, आणि आमच्या अनेक गावांत स्त्रियांचे असे गट उत्तम चालले आहेत. सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर एवढे जाणून असावे की, महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. पावती मागण्यास भिऊ नये, कोऱ्या कागदावर सही अगर अंगठा करू नये, आणि शंका आल्यास सहकार खात्याच्या तालुक्याच्या कचेरीत चौकशी करावी.

ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या बांधवांस येथे दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. मुकादमाकडून मिळणारी उचल एकदम मोठी रक्कम म्हणून हातात येते, व हातात आलेली मोठी रक्कम मनुष्यास श्रीमंत झाल्याचा भास करविते. परंतु उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे ऋण होय. ज्या दिवशी ती मिळेल त्याच दिवशी तिचा आकडा आपल्या स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावा. मुकादमाच्या वहीवर विसंबू नये. त्या रकमेतून प्रथम घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे धान्य व मुलांच्या शाळेची सोय बाजूस काढावी, मग बाकीचा विचार करावा. कोयता नवरा-बायको दोघांचा असतो. तेव्हा उचल किती घ्यावी हेही दोघांनी मिळून ठरवावे.

कर्ज मुलांपर्यंत कसे पोहोचते याचे चित्र पवित्र शास्त्रात २ राजे, अध्याय ४ यात आहे. एका विधवेचा धनको तिचे दोन मुलगे दास म्हणून नेण्यास आला होता. संदेष्ट्याने तिला प्रथम विचारिले ते तिच्या घरात काय शिल्लक आहे हे. होते थोडे तेल. मग तिने शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणिली, तिच्या मुलांनी हातभार लाविला, आणि तेल वाढले तेव्हा तिला सांगण्यात आला तो क्रम पाहा: आधी विकणे, मग देणे फेडणे, मग जे उरेल त्यावर तिचा व मुलांचा निर्वाह. तेल वाढविणे आपल्या हातात नाही. तो चमत्कार देवाचा. परंतु घरात काय आहे ते मोजणे, शेजाऱ्यांजवळ लाज न बाळगता साह्य मागणे, मुलांस विश्वासात घेणे व देणे आधी फेडणे, या चार गोष्टी त्या बाईने केल्या, आणि त्या आपणही करू शकतो. त्या उरलेल्यावर ती व तिची मुले दोघांनी जगावयाचे होते, हेही विसरू नये. आईने उपाशी राहून मुलांस जगवावे असे तिला सांगण्यात आले नाही.

४. चूल व ताट

स्वयंपाकघरातील काटकसर आमच्या माताभगिनींस शिकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांच्याचकडून जे पाहिले ते येथे टिपून ठेवितो.

रब्बीची ज्वारी निघते तेव्हा, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, भाव उतरलेला असतो. त्या वेळी चार घरांनी मिळून वर्षाची ज्वारी घेतली, कडक उन्हात वाळविली व कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरून ठेविली, तर पावसाळ्यात किलो-दोन किलो विकत आणण्याचा तोटा वाचतो. मटकी, मूग, हुलगे रात्री भिजत घालावे. शिजावयास जळण कमी लागते, आणि मोड आणिले तर कडधान्याचा गुण वाढतो. भांड्यावर झाकण ठेवावे. भाजी उकडलेले पाणी फेकून न देता आमटीत घालावे. शेवग्याचा पाला, हादग्याची फुले, तांदुळजा, घोळ, चिघळ या भाज्या बांधावर व परसात फुकट मिळतात, आणि पुष्कळदा बाजारच्या महाग भाजीहून अधिक पौष्टिक असतात. शेवग्याचा पाला तर बाळंतिणीने व वाढत्या मुलांनी अवश्य खावा. शिळ्या भाकरीचा कांदा घालून केलेला कुस्करा, ताकातील आंबील, जवसाची व कारळ्याची चटणी, हे आपले जुने पदार्थ गरिबीची खूण नसून शहाणपणाची खूण आहेत. दहा रुपयांच्या कुरकुरीत पुडीने मुलाची भूक मरते, पोट भरत नाही; तेवढ्याच पैशांत मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा येतो.

जे हक्काने मिळते ते सोडू नये, हाही काटकसरीचाच भाग आहे. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबांस दरमाणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबांस दरमहा ३५ किलो धान्य मिळते, व जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिधापत्रिकेवर नव्या सुनेचे व जन्मलेल्या बाळाचे नाव चढविले आहे काय? गरोदर मातेचे व लहान मुलाचे नाव अंगणवाडीत नोंदविले आहे काय? केवळ आळसाने किंवा संकोचाने ही नावे राहून जातात, व घरात येणारे धान्य दारातच थांबते.

पण चुलीवर कितीही शहाणपणाने शिजविले, तरी ते ताटात कसे वाढले जाते यावर सर्व अवलंबून आहे. ज्या रात्री मुलीने आमचे डोळे उघडिले, त्या रात्री आमच्या मातोश्रींनी आम्हांस १९७२ च्या दुष्काळातील एक गोष्ट सांगितली. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या, आणि आपल्या आईबरोबर खडी फोडावयास जात. घरी मिलोच्या लाल भाकरी होत, त्याही मोजक्या. आमची आजी सर्व भाकरी थापून दुरडीत ठेवी, माणसे मोजी, आणि कोणासही वाढण्यापूर्वी सर्वांचे वाटे करी. त्यांत स्वतःचा वाटा ती सर्वांदेखत बाजूस ठेवी. शेजारणींनी तिला नावे ठेविली. मुलांच्या आधी आपली भाकरी काढून ठेवणारी ही कसली आई, असे त्या म्हणत. आजी उत्तर देई, “मी पडले तर उद्या खडी कोण फोडील?”

आमची आजी शाळेत गेली नव्हती. परंतु आम्ही सेमिनरीत शिकलो त्याहून अधिक अर्थशास्त्र तिच्या त्या एका वाक्यात आहे असे आता आम्हांस वाटते. घरात जे थोडे आहे ते वाढण्यापूर्वी वाटावे. भांड्यात उरेल ते ज्याचे त्याचे नशीब, असे ठेवू नये. आमच्या घरी आता हाच नियम आहे. सर्व जण एकाच वेळी बसतात, पाच वाट्या आधी भरल्या जातात, आणि आमटी कमी असेल तर पाचही वाट्यांत कमी असते. पहिले काही दिवस मुलांच्या आईस हे फार संकोचाचे वाटले. मातोश्रींनी तिची वाटी स्वतः भरून तिच्यापुढे ठेविली, तेव्हा तो संकोच गेला.

५. थोडी शिल्लक

तूट भरून निघाल्यावर शिल्लकेचा विचार करावा, मग ती कितीही अल्प असो. शेतकरी पीक कमी आले तरी बियाणे खात नाही. शिल्लक म्हणजे पैशाचे बियाणे होय. महिनाअखेर जे उरेल ते टाकू, असे म्हणणाऱ्याचे काहीच उरत नाही. म्हणून पैसे हाती येतील त्याच दिवशी ती रक्कम बाजूस काढावी. टपाल कचेरीची बचत बँक १८८२ पासून आपल्या देशात चालू आहे. तेथे दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्त ठेव खाते उघडता येते. शंभर रुपये म्हणजे वर उदाहरणात दिलेल्या टपरीच्या खर्चाचे सव्वादोन दिवसही नव्हेत; पण साठ महिन्यांत त्यांचे ६,००० रुपये व वर व्याज होते. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडिले तर वर्षास निदान २५० रुपये भरून ते चालू ठेविता येते. फार मोठ्या लाभाचे आमिष दाखवून दारोदार पैसे गोळा करणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. घाम गाळून मिळविलेला पैसा ओळखीच्या व खात्रीच्या ठिकाणीच ठेवावा.

६. समारोप

वाचकहो, गरिबी ही लाज नव्हे. पाऊस, बाजारभाव व मजुरीचा दर आपल्या हातात नाहीत, आणि केवळ काटकसर केल्याने सर्व गरिबी नाहीशी होईल असे म्हणणे आपल्या कष्टाळू बांधवांची थट्टा करण्यासारखे होईल. ज्या घरात मुळीच पुरत नाही त्यास वही पुरविणार नाही. तेथे शेजाऱ्यांनी व मंडळीने धावून गेले पाहिजे. पण जे आहे ते कसे वाटावयाचे हे आपल्या हातात आहे. ज्या घरात तूट सर्वांस ठाऊक असते, तेथे ती सर्वांच्या खांद्यांवर विभागली जाते. ज्या घरात ती लपविली जाते, तेथे ती एकाच माणसाच्या पाठीवर बसते, आणि ते माणूस बहुधा घरातील सर्वांत मुके माणूस असते.

मुलांच्या आईने त्या तीन महिन्यांत किती वाचविले याचा हिशेब आम्ही पुढे वहीत मांडून पाहिला. सारे मिळून नऊशे रुपयांच्या आत होते. आमचा टपरीवरचा चहा तेवढ्याच काळात त्याहून अधिकाचा झाला होता. ते पान आम्ही अद्याप फाडिले नाही.

घरी बसून विचारण्याजोगे प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपल्या घरात किती पैसा आला व किती गेला, हे घरातील किती जणांस ठाऊक आहे?

२. मागच्या ओढाताणीत प्रथम कोणती वस्तू बंद झाली? ती कोणाच्या उपयोगाची होती?

३. आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेविते? काल रात्री त्या माणसाच्या ताटात काय होते?

४. वाण्याच्या खात्यावर आज आपले किती देणे आहे? त्यावर व्याज किती, हे मुलांबरोबर बसून काढा.

५. शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे आहेत काय?

६. पुढील आठवड्यापासून प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या खर्चातून काय कमी करावयाचे ते एकमेकांस सांगा. दुसऱ्याच्या खर्चातून काय कमी करावे हे मात्र या आठवड्यात कोणी सांगू नये.